उघडा कोपरा

"ती हिरवी दाखवा. नको, तिच्या खालची. नको नको, ती अगदी मागची."

असं करत करत बँकेतल्या साहेबांच्या बायकोनं दुकानातल्या सगळ्या गोधड्या खाली काढायला लावल्या. सून स्टुलावर चढून फळीवरची एकेक गोधडी काढून देत होती आणि सासू ती खाली सतरंजीवर पसरत होती. सासूला सगळं गाव गोधडीआत्या म्हणायचं, सून नुसतं आत्या म्हणायची. आत्यांचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते. तरी प्रत्येक गोधडीसाठी त्या वाकायच्या, दोन्ही हातांनी ती झटकायच्या, आधी रंगीत बाजू दाखवायच्या, मग उलटून अस्तर दाखवायच्या. पलंगाला केवढं माप लागेल ते बाईंनी विचारलं, आत्यांनी ते बसल्या बसल्या सांगितलं. धुवायची कशी, वाळवायची कुठं, कापूस गोळा झाला तर काठीनं कसा सैल करायचा, तेही बाईंनी विचारून घेतलं. दोनतीन गोधड्यांचे मोबाइलवर फोटो काढले.

"छान आहेत हो. घरी विचारून सांगते," म्हणाल्या आणि गेल्या.

दुपार कलायच्या आत बाई दुकानासमोरूनच परत जाताना दिसल्या. फाट्यावर मोठमोठ्या काचा लावलेलं नवं दुकान निघालं होतं, त्या काचेच्या दुकानाची पिशवी हातात होती, एवढी मोठी की चालताना गुडघ्यावर आपटत होती. सुनेकडे बघून त्या गोड हसल्या. "तिकडं सूट होती ना!"

सून अजून गोधड्यांच्या घड्याच घालत होती. तिच्या डोक्यात तिडीक गेली. "बघितलंत? माप आपल्याकडनं घ्यायचं, अक्कल आपल्याकडनं घ्यायची आणि माल तिकडनं! आपण काय धर्मशाळा काढलीय?"

"गिऱ्हाईक आहे. आज नाही तर उद्या येईल."

"उद्या येईल ती फाटकी घेऊन येईल."

"मग शिवून देऊ," आत्या म्हणाल्या आणि पुढच्या गोधडीचा कोपरा कोपऱ्याला जुळवू लागल्या.

त्या कोपऱ्याचं सांगायला हवं. आत्यांच्या सासूपासून या दुकानाची एक रीत होती. गोधडी शिवताना तीन कोपरे बंद करायचे आणि चौथा वीतभर उघडा ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की त्याला सतरंजीवर बसवायचं आणि म्हणायचं, घाला हात. त्यानं आत हात घालून चाचपायचं. आत चांगला पिंजलेला कापूस आहे की गिरणीच्या चिंध्या कोंबल्यात, त्याचं त्यानं बघायचं. मग त्याच्यासमोर तो कोपरा शिवायचा. आणि हे दुसऱ्या कुणी येऊन चालायचं नाही. जो ती गोधडी अंगावर घेणार, त्यानंच यायला हवं. बाळंतिणीची असेल तर ती घरी जाऊन शिवायची. एकदा असा कोपरा शिवला, की ती गोधडी जन्मभर दुकानाची. कधीही उसवू दे, कुठंही फाटू दे, दुकान फुकट सांधून देणार.

हे सगळं ऐकायला फार छान. पण गोधडी घ्यायलाच कुणी येईना, तर कोपरा शिवणार कुणापुढं?

त्यातून त्या वर्षी थंडीच पडेना. शेतातली कामं आटोपली, खळी रिकामी झाली, तरी लोक अंगणात उघडेच झोपत होते. आसपासच्या वाड्यांवरनं बायका जुन्या कपड्यांची गाठोडी घेऊन यायच्या, त्याही आल्या नाहीत. दुकानाची खोली भाड्याची होती आणि तिचे मालक समोरच राहायचे. पूर्वी त्यांचा छत्र्यांचा धंदा होता, म्हणून त्यांना छत्रीवालेच म्हणत. एका सकाळी दात कोरत ते दारात येऊन उभे राहिले.

"आत्या, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. काचेच्या दुकानवाल्यांना गोदामाला खोली हवीय. चालत्या दुकानाला मी हात लावला नसता. पण तुमच्या दारात मला कुत्रं दिसत नाही. बंद पडलेलं दुकान उबवायला मी काय कोंबडी आहे?"

"थंडी पडू दे," आत्या म्हणाल्या. "लोक येतील."

"थंडी संपेपर्यंत बघतो. लोक आले तर खोली तुमची. नाही आले तर मला दोष देऊ नका."

ते गेल्यावर आत्या बराच वेळ सुईत दोरा ओवत होत्या. दोरा काही ओवला जाईना. शेवटी सुनेनं सुई त्यांच्या हातातून घेतली आणि ओवून दिली. याच खोलीत त्या लग्न होऊन आल्या आल्या टाका शिकल्या होत्या. जमिनीतली एक फरशी त्यांच्या बसण्यानं झिजून गुळगुळीत झाली होती.

त्याच आठवड्यात सुनेच्या नवऱ्यानं एक माणूस आणला. नवरा भाड्यानं टेम्पो चालवायचा, त्यामुळं त्याच्या ओळखी गावभर. आलेला माणूस सावलीतसुद्धा गॉगल काढत नव्हता.

"लांबच्या शहरात हाताच्या गोधड्यांना फार मागणी आहे," गॉगलवाला म्हणाला. "तुम्ही शिवाल तेवढ्या मी उचलतो. रोख."

"पांघरणार कोण?" आत्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"अंगावर कोण घेणार त्या?"

"घेईल की कुणीतरी!" तो हसला. "तुम्ही आंबे खा, कोया कशाला मोजता?"

आत्यांना ते पटलं नाही. पण सुनेनं हिशेब केला, की हाताला काम मिळालं तर खोली टिकेल. रोज दारात कापसाच्या गोण्या उतरताना दिसल्या तर छत्रीवाल्यांचंही तोंड बंद होईल. तिनं आत्यांच्या मागं धोशाच लावला आणि त्या हो म्हणाल्या.

मग दोघी कामाला जुंपल्या. सकाळी खालचं अस्तर अंथरायचं, चारी बाजूंना दगड ठेवून ताणायचं, त्यावर हातानं कापूस पसरायचा, वर कपड्यांचे तुकडे मांडायचे आणि मोठमोठे टाके घालून सगळं टाचून घ्यायचं. मग दोघींनी समोरासमोर बसायचं आणि काठाकडून आत शिवत यायचं. कापूस नाकातोंडात जायचा. सुनेला शिंकांवर शिंका यायच्या आणि आत्या खोकत खोकतच टाका घालायच्या. बोटातलं पितळी टोपण घासून घासून आत्यांच्या मधल्या बोटाला घट्टा पडला होता. सुनेच्या बोटाला अजून तसा पडला नव्हता, त्यामुळं तिची सुई टोपणावरून घसरून नखात शिरायची. रक्त कापडाला लागू नये म्हणून ती बोट तोंडात धरायची आणि दुसऱ्या हातानं कापूस सारखा करायची. उठायची वेळ झाली की आत्यांना आधी एका गुडघ्यावर यावं लागे, मग भिंतीला धरून दुसऱ्या.

एका गोधडीला तपकिरी रंग कमी पडला. सुनेनं नवऱ्याचा जुना शर्ट फाडला आणि पाठीचा नि छातीचा तुकडा त्यात बसवला. खिसा उसवून काढला होता, तिथं कापड विटलं नव्हतं, म्हणून एक गडद चौकोन उठून दिसत होता.

"दिसू दे," आत्या हसल्या. "कुणाच्या तरी छातीवर माझ्या लेकाचा खिसा."

गॉगलवाला माल न्यायला आला तेव्हा सगळ्या गोधड्यांचा चौथा कोपरा उघडा होता. तो भडकला. आत्यांनी त्याला नीट समजावून सांगितलं, की तिकडच्या दुकानदाराला सांग, गिऱ्हाइकाचा हात आत घालू दे आणि मग त्याच्यासमोर शिव. प्रत्येक गोधडीबरोबर त्यांनी ओवलेली सुई आणि दोरा बांधून दिला होता. गॉगलवाला "बरं बरं" म्हणाला, मान हलवली आणि माल टेम्पोत टाकला. टेम्पो अर्थातच सुनेच्या नवऱ्याचा होता.

आणि मग थंडी पडली. पडली ती अशी, की सकाळी पाण्याच्या पिंपावर हात ठेवला तर बोटं बधिर व्हायची. धुकं दुपारपर्यंत हलेना. सून रोज दार उघडून, झाडून, सतरंजी अंथरून बसायची. समोरच्या रस्त्यानं माणसं जायची ती काचेच्या दुकानाच्या पिशव्या घेऊन. आज एक, उद्या चार. आपल्या दारातून, आपल्या डोळ्यांदेखत! सुनेला वाटायचं, उठावं आणि एकेकाला हाताला धरून विचारावं, की बाबा, आम्ही तुझं काय घोडं मारलंय?

पहिलं गिऱ्हाईक आलं ते छत्रीवाल्यांच्या बायकोच्या, काकूंच्या रूपानं. काखेत तीच पिशवी होती.

"आत्या, बघा हो जरा. चार दिवस झाले नाहीत आणि कोपरा उसवला. कापूस सगळ्या घरभर. हे तर सकाळी उठले तेव्हा मिशीत कापूस!"

"मग त्यांच्याकडं न्या की," सून म्हणाली.

"नेली होती गं. ते म्हणाले, आमच्याकडं शिवून मिळत नाही. बाजारात त्या म्हातारीकडं जा, ती फुकट शिवते."

सुनेच्या कानशिलात कुणीतरी ठेवून द्यावी तसं झालं. म्हणजे विकायचं त्यांनी आणि उसवलेलं निस्तरायचं आम्ही! तेही फुकट, आणि वर हे ते स्वतः सांगताहेत! ती काही बोलणार, एवढ्यात आत्यांनी गोधडी पिशवीतून काढली होती. त्यांनी ती पसरली नाही. नुसता हात फिरवला. हात काठावरून आत गेला आणि एका जागी थांबला.

"इकडं ये," त्या सुनेला म्हणाल्या.

तपकिरी तुकडा. त्यावर गडद चौकोन. खिशाचा.

कोपऱ्यावर काचेच्या दुकानाचं चकचकीत लेबल होतं. उघड्या कोपऱ्याच्या दोन्ही कडा चिकटवून त्यावर ते डकवलं होतं. थंडीत डिंक सुटला आणि कोपरा उघडला. सुई-दोऱ्याचा पत्ता नव्हता.

"हिला हाताची गोधडी म्हणून दुप्पट घेतले हो मेल्यांनी," काकू म्हणाल्या. "म्हटलं, चांगल्या दुकानाची आहे, टिकेल तरी."

आत्यांनी बाहेर आलेला कापूस आत सारला. त्यांनी डब्यातून सुई काढली. सुनेनं ती हिसकावूनच घेतली.

"हात लावू नका आत्या! ही गोधडी आपण शिवली, त्यांनी फसवून नेली, आपल्याच गावात विकली, आपल्याच गिऱ्हाइकाला! आणि आता ती आपणच फुकट शिवायची? कुठला न्याय हा?"

"अगं बाई," काकू दचकल्या. "मला काय ठाऊक होतं?"

"तुमच्या घरासमोर आम्ही दिवसचे दिवस बसून ही शिवत होतो काकू! एकदा रस्ता ओलांडून आला असतात तर ठाऊक झालं असतं!"

काकूंचं तोंड एवढंसं झालं. आत्या म्हणाल्या, "ठेवून जा. उद्या बघू," आणि काकू पिशवी तिथंच टाकून गेल्या.

संध्याकाळी नवरा टेम्पो लावून हातपाय धुवायला बसला, तोच सुनेनं ती गोधडी त्याच्यासमोर आणून आपटली. "ओळखा. कुणाचा खिसा?"

त्यानं बघितलं. तांब्या हातातच राहिला.

"माल कुठं उतरवलात तुम्ही? लांबच्या शहरात?"

त्यानं उगीच पायांवर पाणी ओतलं. मग खाली बघत म्हणाला, "फाट्यावर. मागच्या दारानं."

"म्हणजे ठाऊक होतं!"

"अगं, त्यांचीच रोजची भाडी मारतो मी. तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा टेम्पो लावला असता. आणि तुम्हाला काम तर मिळालं ना? गोधडी कुठं का विकेना!"

"कुठं का विकेना? स्वतःच्या आईच्या पायाखालची खोली काढायला त्यांना मदत केलीत तुम्ही, आणि वर विचारता कुठं का विकेना?"

"अरे," आत्या आतून म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "एवढं तरी सांगायचंस, की पांघरणारे आपलेच आहेत. मी कोपरे शिवून दिले असते."

नवऱ्यानं तांब्या खाली ठेवला आणि तो तसाच ओल्या पायांनी बाहेर जाऊन टेम्पोत बसून राहिला.

दुसऱ्या दिवसापासून रांगच लागली. लेबल सुटलेल्या, कापूस ओकणाऱ्या गोधड्या काखेत घेऊन माणसं दारात उभी. बँकेतल्या साहेबांची बायकोही होती, आणि तिची घाई तर सगळ्यात जास्त. सून दारात आडवी उभी राहिली. "जिथं घेतली तिथं न्या," म्हणाली. तर लोक कुणावर चिडावेत? काचेच्या दुकानावर? छे! सुनेवरच चिडले.

"एवढा माज बरा नव्हे हो. म्हणून तर धंदा बसला तुमचा."

"म्हातारी कधी नाही म्हणाली नाही. ही कोण टिकोजीराव लागून गेली?"

"आम्ही आपलं माणूस म्हणून आलो!"

आपलं माणूस! घ्यायच्या वेळी आपलं माणूस कुठं गेलं होतं, हे सुनेच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात पाठीमागं कात्री वाजली. मागं वळून बघते तो आत्यांनी एका म्हाताऱ्याची गोधडी मांडीवर घेऊन लेबल कातरून काढलं होतं आणि त्याचा हात कोपऱ्यातून आत घातला होता.

"आत्या!"

"आपलीच आहे ना गं? मग ती आपलीच. हिला त्यांनी जन्माला घातली का?"

रांग बघून छत्रीवाले समोरून आले. सून पुढं झाली. "बघा, दार भरलंय. लोक आले तर खोली तुमची, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"आलेत, पण घ्यायला नाही आले, फुकट शिवायला आलेत," छत्रीवाले म्हणाले. "पण थांबा, त्यावर तोड निघालीय." आणि त्यांच्या मागून गॉगलवाला पुढं आला. तो काचेच्या दुकानाचा मॅनेजरच निघाला.

त्यानं खोलीत येऊन फळ्या बघितल्या, भिंत वाजवून बघितली आणि चपलेनंच सतरंजीचा कोपरा बाजूला सारला.

"आत्या, जे झालं ते झालं. आमच्याकडं तक्रारी फार येताहेत, म्हणून मालकांनी ठरवलंय, खोली आम्ही घेतो आणि तुम्हा दोघींना इथंच बसवतो. बाहेर आमचा बोर्ड लागेल, गिऱ्हाइकांसाठी मोफत दुरुस्ती. तुम्ही नाहीतरी फुकटच करता, आम्ही पगार देऊ. नव्या गोधड्याही शिवायच्या. फक्त ते कोपऱ्याचं खूळ बंद. चारी कोपरे शिवून, लेबल लावून माल द्यायचा."

"आणि हात?" आत्यांनी विचारलं.

"कसला हात?"

"गिऱ्हाइकानं आत हात घालून बघायचं असतं."

"आत काय आहे ते त्याला कशाला दाखवायचं?" मॅनेजर हसला. "पुढच्या वर्षी आपण कापूस थोडा कमी करणार आहोत. गिरणीच्या कापलेल्या चिंध्या स्वस्त मिळतात. वरून कुणाला कळतंय?"

खोलीतल्यांनी आपापल्या गोधड्या चाचपून बघितल्या. रांगेतल्यांनीसुद्धा. सुनेनं आत्यांकडं बघितलं. खोली राहणार होती, झिजलेली फरशी राहणार होती, पगार मिळणार होता. आत्या हो म्हणाल्या असत्या तर तिला त्यांना बोल लावता आला नसता. पण आत्या हो म्हणतील या भीतीनं तिनं दाराची चौकट धरली.

आत्यांनी म्हाताऱ्याच्या गोधडीचा शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि गोधडी त्याच्या हातात दिली. मग एका गुडघ्यावर आल्या, भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि सतरंजी उचलून झटकली. सगळी धूळ मॅनेजरच्या गॉगलवर गेली.

"दुकान बंद झालं," आत्या म्हणाल्या.

"म्हणजे जेवायला?" छत्रीवाल्यांनी विचारलं.

"खोली घ्या तुमची. आजच घ्या, थंडी संपायची वाट कशाला बघता? सूनबाई, फळ्या काढ."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कुणी नकार ऐकला नव्हता. छत्रीवाले तर तोंड उघडं टाकूनच उभे राहिले. सुनेनं स्टुलावर चढून पहिली फळी उपटली. रागानं तिच्या अंगात एवढं बळ आलं होतं, की खिळे भिंतीतून पोपडे घेऊनच बाहेर आले. दारात टेम्पो येऊन थांबला. नवरा खाली उतरला, मॅनेजरकडं न बघता आत आला आणि त्यानं दुसरी फळी खांद्यावर घेतली.

"ए, टेम्पो आमच्या भाड्यावर आहे!" मॅनेजर ओरडला.

"होता," नवरा म्हणाला.

त्यांचं घर बाजारापासून लांब होतं, शेताच्या कडेला, वाटेत चिखल. घरासमोर ओटा होता आणि त्यावर पत्रा. फळ्या तिथं लावल्या, सतरंजी तिथं अंथरली. वारा थेट अंगावर यायचा. पहिले दोन दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. सून आत्यांच्या पायांवर गोधडी टाकून बसायची आणि मनात म्हणायची, चुकलं का आपलं? नवरा भाड्याच्या शोधात सकाळी जायचा आणि रिकामा परत यायचा.

तिसऱ्या दिवशी तो म्हातारा आला, शेजारणीला घेऊन. मग वाडीवरची दोन माणसं आली. बँकेतल्या साहेबांची बायको चिखलात चप्पल रुतवत आली. सुनेनं तिला सांगितलं, "तुम्ही नाही. पांघरतं कोण? साहेब ना? मग साहेबांना पाठवा." ती बडबडत गेली, पण दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि ओट्यावर मुकाट मांडी घालून बसले.

काकूंची गोधडी अजून पडूनच होती. तिच्यासाठी काकू दोनदा आल्या आणि दोनदा परत गेल्या. ती पांघरायचे छत्रीवाले, तेव्हा त्यांनीच यायला हवं. रीत म्हणजे रीत. शेवटी एका सकाळी, धुकं असताना, छत्रीवाले स्वतः आले. मफलर कानावरून गुंडाळलेला, नाक लाल. रांगेत चार माणसं होती. ती बाजूला सरतील म्हणून ते जरा थांबले. कुणी सरलं नाही.

"आत्या, माझं जरा लवकर..." ते ओट्याच्या कडेशी घुटमळत म्हणाले. "रात्री फार गारठतं हो. काचेच्या दुकानानं आता त्या खोलीत माणूस बसवलाय, त्याला शिवशील का विचारलं, तर तो म्हणाला लेबल चिकटवून देतो."

आत्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या हातात दुसऱ्याचा कोपरा होता.

सुनेनं ती तपकिरी गोधडी फळीवरून काढली. लेबल कात्रीनं कापलं आणि छत्रीवाल्यांच्या हातावर ठेवलं. "हे तेवढं त्यांचं आहे. त्यांना नेऊन द्या." मग तिनं सतरंजीवरची जागा हातानं झाडली.

"आणि घाई करू नका," ती म्हणाली. "नंबर येईपर्यंत खुशाल बसा. इथं बसायचं भाडं पडत नाही."

छत्रीवाले बसले.